भाजीपाल्याची तार

आमच्या पोस्टाच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला, की तारबाबू त्याला आधी पाणी विचारायचे. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा माठ होता. त्यावर पितळेचं झाकण आणि झाकणावर उपडा घातलेला एकच पेला. मी रुजू झाले तो मे महिन्यातला दिवस होता. वाशिमहून एस.टी.त उभ्यानं आले होते. त्यांनी पेला भरून समोर धरला आणि म्हणाले, "घ्या बाई." मी घटाघटा प्याले आणि म्हटलं, "अजून एक द्या." दुसरा पेला भरताना त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "तुमचं जमते," म्हणाले.

काय जमतं, ते मला आठ दिवसांनी पोस्टमास्तरांकडून कळलं. तारबाबू कामरगावचे. छप्पन साली त्यांचं सगळं घर बौद्ध झालं. घराण्यातला पगाराची नोकरी लागलेला हा पहिला माणूस. माझ्या आधी आलेल्या दोघा कारकुनांनी त्या माठाकडे बघून "तहान नाही" म्हटलं होतं. तारबाबूंनी पेला परत झाकणावर उपडा घातला. पुढे ते दोघं बदलून जाईपर्यंत ते त्यांच्याशी कामाशिवाय एक शब्द बोललेच नाहीत.

गाव बाजाराचं होतं, कारंजा आणि शिरपूरच्या मधलं. एका खोलीत पोस्ट आणि पलीकडच्या अर्ध्या खोलीत तार. तारेच्या टेबलाजवळ जायचं तर चप्पल बाहेर काढावी लागे. असा काही नियम खात्याच्या पुस्तकात नव्हता, तो तारबाबूंचा होता. स्वतः ते भर उन्हाळ्यातही पांढऱ्या सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून बसत. सदरा घरी पितळी तांब्यात निखारे घालून, स्वतःच्या हातानं कडक केलेला. टेबलाखाली बॅटरीच्या काचेच्या बरण्या होत्या. त्यांत पाणी किती उरलं ते बघायला ते रोज सकाळी गुडघे टेकून वाकत. पहिल्या दिवशी मला वाटलं, नमस्कारच करताहेत.

त्यांची बोटं कधी स्वस्थ नसत. चहाच्या बशीवर, खुर्चीच्या दांड्यावर, सायकलच्या घंटीवर तारेची कट्ट-कड कट्ट चाललेली. मूर्तिजापूरला जो तारवाला होता, त्याला त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण मध्येच कान देऊन म्हणत, "आज याचा हात दुखून राह्यला." किंवा, "घरी काई भांडन झालेलं दिसते, टिंबं लय जोरानं मारते." एकदा त्यांनी सरळ तिकडे विचारलं. उत्तर आलं, की अंगठ्याला काटा रुतला आहे.

तारेचा फॉर्म घेऊन माणूस आला, की आधी फॉर्म आणि मग माणूस बघायचा, ही त्यांची पद्धत. शिरपूरच्या मंदिरात दर्शनाला आलेले दूरचे यात्रेकरू लिहून आणायचे: सर्व जण सुखरूप पोचलो, दर्शन फार छान झालं, काळजी करू नये, थोरांना नमस्कार. तारबाबू पेन्सिल घेऊन एकेक शब्द खोडत जात आणि शेवटी 'पोचलो' एवढाच ठेवत. "बाकीचं कार्डावर लिहा," म्हणत. "शेजारच्या खिडकीत भेटते." माणूस बोलायला लागला, की हात वर करून थांबवायचे. "मजकूर सांगा, मजकूर." खात्याचं उत्पन्न बुडतं म्हणून पोस्टमास्तर कुरकुरायचे. तारबाबू त्यांनाही तेच म्हणायचे.

एकाच प्रकारच्या तारेवर त्यांची पेन्सिल चालत नसे. एक जवान पोरगा फॉर्म घेऊन आला होता. भाऊ पलटणीत. लिहिलं होतं, 'आई सिरियस, ताबडतोब ये.' तारबाबूंनी त्याच्याकडे बघितलं.

"हाय, का गेली?"

पोरगा रडायलाच लागला. "सकाळीच गेली. पन तसं लिहिलं तं त्याले रस्त्यात काई होईन."

"अन् तो दोन दिवस गाडीत बसून, भेटंन भेटंन म्हनत येईन, त्याचं काय?"

त्यांनी नवा फॉर्म काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. पोरानं दहा-बारा ओळी लिहिल्या. आईनं शेवटी काय खाल्लं, कुणाचं नाव घेतलं, सगळं. एकही शब्द न खोडता ती तार गेली. ती पाठवायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ त्यांनी दुसरं कुणाचंच काम हाती घेतलं नाही.

आता चाचांचं सांगते. एस.टी. स्टँडसमोर त्यांचं ऑइल इंजिन आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. बोलायला लागले, की थांबायचे नाहीत. म्हणजे तारबाबूंच्या नेमके उलट. माल मुंबईच्या एका पेढीतून यायचा. मागणीचं पत्र जायला चार दिवस, पेढीचं बीजक यायला चार दिवस. आपण मागितलं काय आणि त्यांनी पाठवलं काय, हे त्या बिलावरूनच कळायचं. तोवर चुकीची पेटी ट्रकवर चढलेली असे. इकडे गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं असे, आणि शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून असत.

एक दिवस पेढीचं छापील पत्र आलं. यापुढे तारेनं मागणी कळवल्यास त्याच दिवशी माल निघेल आणि त्याच दिवशी बीजकही तारेनं मिळेल. त्यासाठी दुकानाचा तारेचा पत्ता नोंदवावा आणि सोबतच्या पुस्तकातले सांकेतिक शब्द वापरावेत. पुस्तक इंग्रजी होतं. चाचांचं शिक्षण उर्दू शाळेतलं, तेही चौथीपर्यंत. ते पुस्तक घेऊन आमच्याकडे आले, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाले, "बाबूसाब, ये अपने बस का नाही. तुमीच सादं लिहून द्या."

साधं म्हणजे काय, तर चाचा सांगत गेले: सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या पिस्टनच्या वरच्या रिंगा, चार नग, जुन्या घासल्या, गिऱ्हाईक तीन दिवसांपासून बसून आहे, मेहरबानी करून लवकर. तारबाबूंनी पेन्सिल चालवली. शेवटी उरलं, 'रिंगा चार'. सहा दिवसांनी रिंगा चार आल्या, त्या ट्रॅक्टरच्या. चाचांनी त्या आमच्या खिडकीत आणून ठेवल्या. बोलले मात्र काहीच नाहीत, आणि चाचा गप्प बसले हेच तारबाबूंना फार लागलं.

पुढच्या रविवारी ते चाचांच्या दुकानात जाऊन बसले. असे पाच रविवार. एकेक भाग हातात घ्यायचा, हा काय करतो, कुठे बसतो, विचारायचं आणि वहीत लिहायचं. खात्याच्या नियमानं सांकेतिक शब्दाला रोमन लिपीत पाच अक्षरांची मर्यादा होती. आणि शब्द चाचांना तोंडपाठ व्हायला हवे होते. दोन्हींत बसेल असं तारबाबूंना एकच सापडलं, भाजीपाला.

कांदा चिरला की चकत्या पडतात, म्हणून पिस्टनची रिंग म्हणजे कांदा. पालक पानासारखा चपटा, म्हणून गॅस्केट. बारीक वॉशर म्हणजे मेथी, बेअरिंग म्हणजे वांगं, नोझल म्हणजे लिंबू. भेंडी एका अक्षरानं नापास झाली. चाचांना त्याचं वाईट वाटलं. "भेंडीनं काय बिगाडलं?" ते म्हणाले. "एक हरूफ तं जास्त हाय बिचारीले. चालवून घ्या."

"नाही चालत."

तारेच्या पत्त्यावरून तर दोघांचं चांगलंच वाजलं. चाचांना वडिलांचं पूर्ण नाव, त्यापुढे 'अँड सन्स' आणि शेवटी गावाचं नाव हवं होतं. तारबाबू म्हणाले, "एकच शब्द भेटते." आठ दिवस चाचांनी तोंड दाखवलं नाही. मग तारबाबूच गेले आणि म्हणाले, "तुमच्याकडे लोक पान्यासाठी येतात नं? मंग 'झरा' ठेवा." चाचांनी तो शब्द तीन-चारदा म्हणून पाहिला आणि चहा मागवला.

यादीची एक प्रत रजिस्टर पोस्टानं मुंबईला गेली. पेढीच्या मुनीमजींचं उत्तर आलं, 'आपली भाजीपाल्याची यादी मिळाली. मंजूर आहे.' ते कार्ड तारबाबूंनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि त्या दिवशी मला दोनदा काढून दाखवलं.

मग ते सुरळीत चालू लागलं. सकाळी 'वांगे दोन मेथी वीस' गेलं, की दिवस मावळायच्या आत मुंबईहून त्याच भाषेत बीजक यायचं. काय निघालं, किती निघालं, कुठल्या ट्रकनं. चुकलेलं असलं, तर पेटी निघायच्या आधीच उलट तार करता यायची. तार वाटणारा शिपाई चाचांना लांबूनच ओरडायचा, "चाचा, भाजी आली!" हळूहळू शेतकरीही तसंच बोलायला लागले. एकदा मी दुकानात उभी असताना एक म्हातारा आला आणि म्हणाला, "चाचा, दोन कांदे अन् एक पालक द्या, इंजिनाचे." चाचांनी जरा नवल न वाटता काढून दिले.

तारेच्या कट्ट-कडसकट ही भाजीपाल्याची भाषा मीही शिकले होते. तारबाबूंनीच शिकवली, म्हणजे त्यांच्या रजेत अडायला नको.

आणीबाणीचे दिवस आले. पहिले काही महिने आमच्याकडे काही फार जाणवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या नळयोजनेचं इंजिन बंद पडलं. गावाला तीन दिवस पाणी नाही. बायका हंडे घेऊन मळ्यांच्या विहिरींवर जात होत्या. इंजिन उघडून झाल्यावर चाचांनी घाईघाईनं तार लिहून आणली, 'कांदा चार पालक एक लिंबू दोन आजच'. तारबाबू ती पाठवायला बसतात न बसतात, तोच दारात जीप थांबली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले होते, सोबत एक हवालदार. पोस्टमास्तर रजेवर होते.

अधिकाऱ्यांनी हुकूम पुढे केला. संशयास्पद तारा तपासायच्या आणि जरूर तर रोखायच्या, असा. तारबाबूंनी तो दोनदा वाचला आणि फॉर्मची चळत त्यांच्यापुढे ठेवली. सगळ्यात वर चाचांची तार होती.

"हे काय आहे?" अधिकारी म्हणाले. "मुंबईहून चार कांदे? तुमच्या बाजारात कांदा मिळत नाही?"

तारबाबू उभेच होते. "भेटते साहेब."

"मग याचा अर्थ काय?"

"अर्थ मले माहीत हाय. सांगता येत नाही."

"का?"

"नोकरीत लागलो तवा सही केली हाय. तारेतलं कोनाले सांगनार नाही म्हनून."

"हा सरकारी हुकूम आहे."

"हो साहेब. याच्यात तपासायचं लिहिलं हाय, ते मी दाखवलं. रोखायचं लिहिलं हाय, तुमी रोखा. समजावून सांगायचं लिहिलं नाही. तसा हुकूम लेखी आना, मी सांगतो."

नुसतं 'कांदा म्हणजे पिस्टनची रिंग' एवढं म्हटलं असतं, तर सगळं मिटलं असतं. त्यांच्या घरी म्हातारी आई, तीन मुली. त्या दिवसांत लोक यापेक्षा लहान गोष्टींवरून घरी बसत होते, तुरुंगातही जात होते. अधिकाऱ्यांनी तार उचलून आपल्या फायलीत ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं.

अधिकारी रजिस्टरं चाळायला बसले. मी जेवायच्या सुट्टीचं निमित्त करून बाहेर पडले आणि जवळजवळ पळतच चाचांच्या दुकानात गेले. काय झालं ते सांगायची परवानगी मलाही नव्हती. एवढंच म्हटलं, "चाचा, तुमी स्वतः ऑफिसात या. आत्ता. अन् कांदा-पालक घेऊन या."

चाचांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दुकान तसंच टाकून उठले. गोणपाटाची पिशवी घेतली. चांगले भाग संपलेच होते, म्हणून इंजिनातून काढलेले घासलेले, काळे भाग तिच्यात टाकले. ऑफिसच्या दारात चपला काढल्या, आत आले आणि साहेबांच्या टेबलावर पिशवी उपडी केली.

"साब, तार मेरी हाय. बाबूसाबले बोलता येत नसंन, मले येते. ये देखो कांदा." त्यांनी रिंग उचलून दाखवली. "ये पालक, जळून गेला. ये लिंबू. ये लागले नाही तं गावाले पानी नाही. तीन दिवस झाले. दवाखान्यात पानी नाही, मस्जिदीत वजूले पानी नाही. पंधरा वर्सांपासून दुकान हाय माझं, कोनाले बी विचारा."

साहेबांनी रिंग हातात घेतली. बोटं काळी झाली. त्यांनी ती रुमालाला पुसली आणि हवालदाराला म्हणाले, "म्हणून काय सकाळी रेस्ट हाऊसवर आंघोळीला पाणी नव्हतं?"

"हो साहेब."

मग पंचनामा झाला. हवालदारानं जमिनीवर बसून मोठ्यानं म्हणत लिहिला: कांदा म्हणजे पिस्टन रिंग, रंग काळा, पालक म्हणजे गॅस्केट, जळालेली. चाचा एकेका भागाविषयी इतकं सांगत सुटले, की साहेबांनीच त्यांना थांबवलं. तार त्यांनी सही करून परत दिली. तीन वाजता ती गेली. संध्याकाळी पेढीचं बीजक आलं, आणि तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं.

साहेब गेल्यावर तारबाबू माझ्याकडे वळले. मला वाटलं, आभार मानतील.

"बाई, तुमी खोटं काहून बोलल्या?"

"घाबरले होते."

"घाबराचं नं मंग. घाबरायले कोन नाही म्हनते? पन 'माहीत हाय, सांगत नाही' असं म्हनाचं होतं."

साहेबांनी तार सोडली, पण वर अहवाल दिलाच. चार महिन्यांनी कागद आला. उद्धट वर्तनाबद्दल एक वेतनवाढ बंद आणि मेळघाटाच्या बाजूला बदली. चाचा आमदारांकडे जायला निघाले होते. तारबाबूंनी त्यांना हात धरून बसवलं. तीन लेकी, आई, बायको आणि भांडी घेऊन ते ट्रकमध्ये बसले, तेव्हा चाचांनी पोतंभर ज्वारी वर चढवली. गाडी हलेपर्यंत चाचा बोलत होते. तारबाबूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या जागेवर मी बसले. दोन-तीन वर्षांनी चाचांच्या दुकानात टेलिफोन आला आणि ती भाषा आपोआप बंद पडली.

निवृत्त झाल्यावर तारबाबू कामरगावला परत आले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एकदा तिथल्या पोस्टाच्या कामाला गेले असताना त्यांच्याकडे गेले. घराच्या ओट्यावर बसले होते, बटण गळ्यापर्यंत लावलेलं. आई वारली होती. दोन मुलींची लग्नं झाली होती, धाकटी अमरावतीला नर्सिंग शिकत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलंच. इतकी वर्षं मनात होतं.

"बाबूजी, रिंगाच होत्या त्या. सांगितलं असतं तं काय बिघडलं असतं?"

त्यांनी घरांच्या पलीकडे, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे हात केला.

"माझा बाप गावचे निरोप न्यायचा. आमच्या लोकांचं कामच होतं ते. कोनी मेलं, कोनाचं लग्न जमलं, का बापानं उठायचं अन् धा-पंदरा कोस चालत जायचं. उन्हात, पान्यात. चिठ्ठी असली तं हातात देत नव्हते, खाली टाकत, अन् हा उचले. लय भरवशाचा मानूस म्हनून सारे त्यालेच पाठवायचे. मी लहान होतो, मले मोठं भारी वाटे. एक दिवस पाटलाच्या वाड्यावर कोनी तरी विचारलं, इतकी खाजगी चिठ्ठी याच्या हाती कायले देता? तं पाटील म्हने, असू दे, त्याले वाचताच येत नाही."

आतून त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला. तारबाबूंनी एक कप माझ्यापुढे सरकवला.

"तवा मी शाळेत जायले लागलो होतो," ते म्हणाले. "बाप घरी आला. मी काई सांगितलं नाही त्याले. पुढं मले नोकरी लागली, खिडकीत बसलो, तं पहिल्याच दिवशी त्याच पाटलाचा पोरगा तार घेऊन आला. घरातलंच भांडन होतं काई तरी. त्यानं फॉर्म माझ्या हातात देला. मले वाचता येते, हे त्याले माहीत होतं, बाई. माहीत असून देला."